सात नंबरची काचपट्टी

नागणगीच्या जुन्या कोर्टात अकरा भेगा होत्या आणि अकराही भेगांशेजारी दिपालीचा अंगठा उठलेला होता. बुद्धप्रियाला त्या इमारतीचं सगळं तोंडपाठ होतं. काळ्या दगडाच्या भिंती अडीच फूट जाड, व्हरांड्याच्या कमानी नऊ, पायऱ्या सात, मंगळुरी कौलांच्या छपराचा उतार तीस अंशांचा. सगळं तिनं स्वतः लेसरनं मोजून वहीत उतरवलं होतं. तरी आत पाऊल टाकलं की तिची नजर आधी त्या अंगठ्यांवरच जायची, दुखऱ्या दाताकडे जीभ जावी तशी.

अंगठ्यांची हकीकत अशी. जुन्या भिंतीला भेग दिसली की पहिला प्रश्न असतो, ती अजून वाढते आहे की वाढायची थांबली आहे? ते कळायला भेगेवर आडवी एक पातळ काचेची पट्टी ठेवतात, तिची दोन्ही टोकं ओल्या प्लॅस्टरमध्ये बसवतात आणि शेजारी नंबर आणि तारीख लिहितात. भिंत जराशी हलली तरी काच तडकते. शाबूत राहिली तर भेग मेलेली समजायची. तिप्पण्णा मिस्त्रीनं त्यात स्वतःची एक रीत घातली होती. ज्यानं पट्टी बसवली त्यानं ओल्या प्लॅस्टरवर आपला अंगठा उठवायचा.

"उद्या कुनी म्हनाया नगं, म्या बसवलीच न्हाय म्हनून," तो म्हणायचा. "कोर्टात अंगठा दिला की फिरवता येत न्हाय. हितं बी तसंच. आन् पट्टी तुटली, तर ज्याचा अंगठा त्यानंच ती उतरवायची."

नोव्हेंबरात पट्ट्या बसवल्या त्या दिवशी बुद्धप्रिया लेसर दुरुस्त करून घ्यायला सोलापुरात थांबली होती. दुसऱ्या दिवशी आली तर अकराच्या अकरा बसवून झालेल्या. "तुझी वाट बघितली असती गं, पण प्लॅस्टर कालवून झालं होतं," दिपाली म्हणाली. ते खरं होतं. खोटं असतं तर बुद्धप्रियाला जरा बरं वाटलं असतं.

दोघींना चैताली मॅडमनी ऑक्टोबरात तीन महिन्यांसाठी घेतलं होतं. मॅडम सोलापूरच्या, जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या आर्किटेक्ट. एकशे तीस वर्षांपूर्वी बांधलेलं हे मुन्सफ कोर्ट नव्या इमारतीत हललं तेव्हापासून मोकळं पडलं होतं. आता तिथं तालुक्याचं वाचनालय करायचं चाललं होतं आणि त्याआधी इमारतीचा अहवाल हवा होता. अहवालानंतरचं काम दोन वर्षांचं. त्यासाठी मॅडम दोघींपैकी एकीलाच ठेवणार होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तसं तोंडावर सांगितलं होतं.

बुद्धप्रिया जुळे सोलापूरची, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. दिपाली वळसंगची, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. घरी चाळीस मेंढरं आणि थोडी कोरडवाहू. ती शिडीवर चढायची ती बांधावर चढावं तशी, हात न लावता. दोन्ही हात पसरून भिंतीला टेकवायची आणि सांगायची, "सव्वासहा फूट." बुद्धप्रिया लेसर लावायची. लेसर सांगायचा, सहा फूट तीन इंच. सहा फूट तीन इंच म्हणजे सव्वासहाच की.

पण एक गोष्ट दिपालीकडे नव्हती. बुद्धप्रियाचे बाबा, नागनाथ, या कोर्टात एकोणीस वर्षं पट्टेवाले होते. सकाळच्या एस.टी.नं सोलापूरहून यायचे आणि दारात उभे राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा करायचे. घरात त्यांचा आवाज चढला की आई म्हणायची, "हळू बोला, हितं कोण गैरहजर नाही." हे कोर्ट आपलं आहे, दिपाली इथं पाहुणी आहे, असं बुद्धप्रिया मनाशी धरून होती. तेवढाच आधार होता.

वाद पेटला तो सात नंबरवरून. व्हरांड्यातून कोर्टाच्या दालनात जाताना एक मोठी कमान लागते. तिच्या माथ्याच्या दगडापासून छपराच्या तुळईपर्यंत एक उभी भेग गेलेली होती. बाकीच्या दहा भेगा किरकोळ होत्या, पण ही हलत असली तर दालन धोक्याचं. मग वाचनालयाच्या समितीचे इंजिनिअर ते उतरवायला सांगणार. समोरचा देखणा व्हरांडा तेवढा ठेवायचा आणि मागं नवं काँक्रीटचं सभागृह. तसा एक आराखडा तयारच होता.

बुद्धप्रिया भेगेची रुंदी रोज दोनदा मोजत होती. सहा आठवड्यांचे आकडे कागदावर मांडले तर रेघ हळूहळू वर चढताना दिसत होती. चढ केसाच्या जाडीएवढासुद्धा नव्हता, पण चढ होता.

"काय म्हणतंय गं यंत्र?" दिपालीनं विचारलं.

"भेग जिवंत आहे."

"मग सात नंबर तुटली का न्हाई?"

"तुटेल."

"अज्जा, ऐकलं का? प्रियाला पट्टी तुटायला पायजे," दिपाली हसत तिप्पण्णाला म्हणाली. अज्जा म्हणजे आजोबा. पहिल्या दिवसापासून ती त्याला अज्जाच म्हणत होती. पुढचं दोघं कानडीत बोलले आणि दोघं हसले. बुद्धप्रियाला कानडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे तिनं प्रत्येक वाक्य स्वतःबद्दलच धरलं.

दिपालीचा पुरावा वेगळाच निघाला. तिनं भेगेत बॅटरी मारून आतले फोटो काढले. भेगेच्या पोटात चुन्याच्या रंगाचे तीन हात दिसत होते. तळाशी निळसर, त्यावर पिवळा, वर पांढरा. तिप्पण्णा म्हणाला, "निळा हात दिला तवा माझा बा हितं कामाला हुता. म्या बादल्या उचलाया हुतो. म्हंजे भेग त्याच्या बी आदीची. आन् वरचा पांढरा हात बगा, कुटं फाटलाय का?" फाटला नव्हता. म्हणजे शेवटचा रंग दिल्यापासून, निदान वीस वर्षं तरी, भेग हलली नव्हती.

मॅडमनी फोटो तीनदा पाहिला. "याला म्हणतात पुरावा," त्या म्हणाल्या. "दिपाली, हा अहवालात पहिल्या पानावर."

बुद्धप्रियाचा आलेख त्यांनी बाजूला ठेवला. टाकला नाही, नुसता बाजूला ठेवला.

डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात बुद्धप्रियाला एक गोष्ट सापडली. दालनाच्या दक्षिण भिंतीत वर, अठरा फुटांवर, एक गोल खिडकी होती. हिवाळ्यात तिच्यातून उन्हाचा एक गोल आत यायचा, भिंतीवरून उतरायचा आणि काही मिनिटं थेट साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, उभ्या माणसाच्या तोंडावर थांबायचा. न्यायाधीशाच्या चौथऱ्यावर मात्र ऊन कधीच जात नव्हतं. कोर्ट अकराला भरायचं. बांधणाऱ्यानं साक्षीदाराचं तोंड नीट दिसावं म्हणून हे योजलं असेल, तर ऊन अकराला यायला हवं. ते यायचं अकरा सव्वीसला. तीन दिवस ती या सव्वीस मिनिटांमागं लागली. मग एस.टी.त कंडक्टर सुट्टे मागत असताना तिच्या डोक्यात उजेड पडला. इमारत बांधली तेव्हा देशभर एक घड्याळ नव्हतं. गावाचा सूर्य तीच गावाची वेळ. इथला सूर्य आजच्या घड्याळाच्या सव्वीस मिनिटं मागं आहे. इमारत उशीर करत नव्हती, घड्याळ पुढं गेलं होतं. इमारत एकशे तीस वर्षं वेळेवरच होती.

तिनं मॅडमना पिंजऱ्यापाशी नेऊन दाखवलं. मॅडम टाळी वाजवून म्हणाल्या, "काय सुंदर! हे परिशिष्टात घाल."

परिशिष्टात. जिथं कुणी पोचत नाही तिथं.

"लई भारी शोधलंस गं," दिपाली मनापासून म्हणाली. बुद्धप्रियानं ऐकू न आल्यासारखं केलं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी बाबा आले. ते येणार हे बुद्धप्रियानंच ठरवलं होतं. आपल्या बाबांच्या तोंडून या इमारतीचं काही निघावं, मॅडमनी ते ऐकावं, दिपालीनं बाजूला उभं राहावं, असं तिच्या मनात होतं. पण मॅडमना यायला दुपार झाली आणि त्याआधीच सगळं भलतीकडे गेलं.

दिपालीनं वळसंगहून हुरडा आणला होता. व्हरांड्यात कागदावर हुरडा, शेंगाचटणी आणि गूळ मांडून तिनं बाबांना हाक मारली, "या काका, बसा. पायऱ्यांवर नको, गार हायत्या."

तिप्पण्णा चुन्याचे हात पुसत आला आणि बाबांकडे बघतच राहिला. "पुकारेवाले नागनाथ की हो तुमी!"

"तिप्पण्णा! अजून हायस व्हय?" बाबा म्हणाले आणि पुढचं कानडीत बोलायला लागले. अडखळत नाही, सरळ. दिपाली मध्ये काहीतरी म्हणाली, तर बाबांनी तिलाही कानडीतच उत्तर दिलं आणि तिघं खदखदून हसले.

बुद्धप्रिया हातात हुरड्याची मूठ धरून बसली होती. बाबांना कानडी येतं हे तिला पंचविसाव्या वर्षी कळत होतं.

"बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलंस?" बाबा सहज म्हणाले. "इथं निम्मे पक्षकार कानडीच. मराठीत पुकारा केला तर चन्नम्मा यायच्या ऐवजी झोपायची चिंचेखाली."

दिपाली पुढं सरकली. "काका, पुकारा करताना तुमी नेमकं कुठं उभं राहायचा?"

बाबा उठले. कमानीखाली गेले, उंबऱ्यापासून शहाबादी फरश्या मोजल्या आणि तिसऱ्या फरशीवर उभे राहिले. "हितं. एक पाऊल मागं घेतलं तर आवाज आतच घुमतो. एक पाऊल पुढं टाकलं तर साहेबांना ऐकू जात नाही, ते म्हणतात पुकारा केलाच नाही. हितनं मात्र दोन्हीकडे जातो. मान वर करायचीसुद्धा गरज नाही." त्यांनी साध्या आवाजात हाक दिली, "बिरुदेव मल्लिकार्जुन, हाजिर हो!" दालनात ती भरून राहिली आणि बाहेर चिंचेखाली मोटारसायकलवर बसलेल्या माणसानं दचकून मान वळवली.

दिपालीनं टाळ्या वाजवल्या. लगेच खडू काढून त्या फरशीभोवती चौकोन आखला आणि वहीत लिहून घेतलं. "काका, हे मी अहवालात घालते. तुमच्या नावानं."

"घाल की पोरी," बाबा म्हणाले. तिच्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी.

बुद्धप्रियानं दोन महिने ती फरशी ओलांडली होती. तिची लांबी-रुंदी तिच्या वहीत होती. अठरा इंच बाय अठरा.

जेवण झाल्यावर बाबा आणि तिप्पण्णा चहाला गेले. दिपाली त्यांच्यामागं गेली. "प्रिया, येतीस का?" तिनं विचारलं होतं. बुद्धप्रिया म्हणाली, दुपारचं माप घ्यायचं आहे.

तिनं शिडी उचलली आणि कमानीला लावली. लावली म्हणजे आदळली. एरवी ती आधी खालचे पाय बसवायची आणि मग वरचं टोक हलकेच टेकवायची. आज तिच्या हातात शिडी नव्हती, हुरड्याची ती पंगत होती, तो डोक्यावरचा हात होता. वरच्या टोकाचा लोखंडी कोपरा भिंतीवर घसरला आणि बारीकसा आवाज झाला. बांगडी फुटावी तसा.

वर चढून पाहिलं तर सात नंबर तुटली होती.

कुणी पाहिलं नव्हतं. बाहेर चिंचेखालचा माणूसही गेला होता. तिनं भेगेचं माप घेतलं, आकडा वहीत लिहिला, शिडी जागेवर ठेवली. हे सगळं तिनं इतक्या नीट केलं की तिचं तिलाच नवल वाटलं. खोटं ती काही बोललीच नव्हती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी पट्टी तुटलेली दिपालीलाच दिसली. ती शिडीवरून उतरून तिप्पण्णाकडे गेली आणि कानडीत दोनच शब्द बोलली. या वेळी ते न कळायला काही जागा नव्हती. तिप्पण्णा स्वतः वर चढला, काच पाहिली, भेगेवर तळहात ठेवला, खाली आला आणि चुन्याच्या ढिगावर बसला.

"साठ वर्सं चुन्यात गेली," तो म्हणाला. "मला वाटलं, भिंत माज्याशी खोटं बोलनार न्हाय."

मॅडम आल्या. त्यांनी आलेख पुन्हा मागवला आणि या वेळी नीट पाहिला. "बुद्धप्रिया, तुझं बरोबर होतं. मी फोटोवर भाळले. सोमवारी समिती येते आहे, तूच मांड. आता वाचवता आलं तर व्हरांडाच." मग त्या म्हणाल्या, "आणि पुढच्या दोन वर्षांचं आपण नंतर बोलू, पण मला वाटतं तुला अंदाज आला असेल."

बुद्धप्रियाला अंदाज आला. छाती भरून आली तिची. तो आनंद तिनं अगदी मोजला असता तर अर्धा तास भरला असता. मग तिला दिपाली दिसली.

दिपाली शिडीवर होती. तिप्पण्णाच्या रीतीप्रमाणे ती आपली पट्टी उतरवत होती. तुटक्या काचा तिनं चिकटपट्टीवर जशाच्या तशा उचलल्या, कागदावर चिकटवल्या, शेजारी नंबर आणि तारीख लिहिली आणि तो कागद घेऊन बुद्धप्रियापाशी आली.

"हे फायलीत लाव. आणि मी एक पान लिहिलंय, तेही लाव पुढं."

पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: भेग मृत असल्याचा माझा निष्कर्ष चुकीचा होता. तिप्पण्णा मिस्त्री यांचा यात काही दोष नाही, फोटोचा अर्थ मी लावला. दालन धोकादायक मानावे. खाली सही.

"हे कशाला?" बुद्धप्रिया म्हणाली. "कुणी मागितलं नाही."

"मागायला कशाला पायजे? उद्या वाचनालयात पोरं बसणार. छत आलं त्यांच्या डोक्यावर तर?" दिपालीनं नाक ओढलं. "वाईट वाटतंय गं. काकांची फरशी पण जाणार आता. पण चुकलं ते चुकलं."

ती गेल्यावर बुद्धप्रियानं काचेचा कागद उजेडात धरला. भेगेनं तोडलेली काच कशी दिसते हे तिला माहीत होतं. भिंतीचे दोन भाग दोन्हीकडे ओढतात आणि काच भेगेच्या बरोबर वर, एका सरळ रेघेत तुटते. या काचेत तडे होते पाच. पाचही एका कोपऱ्यातून निघालेले, सूर्याचं चित्र काढताना लहान मूल रेघा काढतं तसे. भेगेपासून दोन बोटं लांब, जिथं लोखंड लागलं होतं तिथून. काच स्वतःच साक्ष देत होती आणि ती वाचता येणारी इथं एकटी तीच होती. मॅडमना कळलं नव्हतं. इंजिनिअर एवढं बारीक बघणार नव्हते.

आता प्रश्न एकच राहिला होता. ती गप्प राहिली तर दोन वर्षांचं काम तिचं आणि दालन जमीनदोस्त.

रविवारी ती घरीच होती. बाबांनी दोनदा विचारलं, "काय गं, जेवत नाहीस?" तिसऱ्यांदा म्हणाले, "ती दिपाली चांगली पोरगी आहे." बुद्धप्रियानं ताट सरकवलं. तिला आपल्या वागण्याची लाज वाटत होती, हे खरं. पण त्याहून जास्त काय जाळत होतं ते तिनं स्वतःशी कबूल केलं, कारण मोजताना चूक लपवायची नाही एवढं तरी तिला शिकवलेलं होतं. तिला दिपालीचं ते पान जाळत होतं. दिपालीनं न केलेली चूकसुद्धा सही करून आपल्या नावावर घेतली होती. म्हणजे शिडी तिची, अज्जा तिचा, बाबांचा हात तिच्या डोक्यावर, आणि आता खरेपणाही तिचाच. निदान तेवढा तरी तिच्याकडे राहू द्यायचा नाही, असं बुद्धप्रियाच्या मनात आलं. चांगल्या माणसाच्या मनात असला विचार येत नसेल. तिच्या मनात आला.

सोमवारी समिती सव्वाअकराला आली. दोन इंजिनिअर, वाचनालयाचे एक गृहस्थ, मॅडम. तिप्पण्णा आणि दिपाली मागं भिंतीला टेकून. बुद्धप्रियानं व्हरांडा दाखवला, छप्पर दाखवलं आणि त्यांना दालनात आणलं. गोल खिडकीचं सांगितलं तेव्हा मोठे इंजिनिअर पहिल्यांदा हसले.

"मग येतं तरी कधी हे तुमचं ऊन?"

"आज अकरा अठ्ठावीसला. पंचवीस तारखेनंतर रोज अर्ध्या मिनिटानं पुढं सरकतंय."

"दोन मिनिटं आहेत. उभं राहा बघू कुणीतरी."

कुणी पुढं होईना. पिंजऱ्यात उभं राहायला कुणाला आवडतं? शेवटी तीच आत गेली. लाकडी कठडा एकोणीस वर्षं तिच्या बाबांनी पुसलेला होता. उन्हाचा गोल भिंतीवरून उतरला, कठड्यावर आला, तिच्या हनुवटीवर, मग डोळ्यांवर. समोरचे सगळे एकदम काळे झाले. मॅडम कोणत्या, दिपाली कोणती, काही कळेना. बघणाऱ्यांना मात्र तिच्या चेहऱ्यावरची रेघन् रेघ दिसत असणार. बांधणाऱ्याचा हिशेब बरोबर होता.

"अगदी वेळेवर!" इंजिनिअर म्हणाले. "बरं, आता त्या भेगेचं सांगा."

"सात नंबरची पट्टी भिंतीनं तोडली नाही," बुद्धप्रिया म्हणाली. "मी तोडली. शुक्रवारी दुपारी शिडी आपटली. काच बघा, तडे कोपऱ्यातून निघालेत, भेगेवरून नाहीत. आणि माझ्या आलेखात जो चढ दिसतो, तेवढी चूक माझ्या मोजण्यातच असू शकते. ते दाखवणाऱ्या रेषा मी आलेखात काढल्या नाहीत. मुद्दाम काढल्या नाहीत. दिपालीचा फोटो बरोबर आहे. आपलं चुकलं म्हणून तिनं जे पान लिहिलंय ते कृपा करून फायलीतून काढा."

"तीन दिवस गप्प का बसलात?" आवाज इंजिनिअरांचा होता.

ऊन अजून डोळ्यांतच होतं. "मला ती पट्टी तुटायला हवी होती," ती म्हणाली.

पुढं व्हायचं ते झालं. मोठे इंजिनिअर चिडले, मग त्यांनी काच मागून घेतली, चष्मा काढून पाहिली आणि म्हणाले, खरं आहे. निर्णय असा झाला की सात नंबरची पट्टी नव्यानं बसवायची आणि पुढचा पावसाळा जाऊ द्यायचा. ती शाबूत राहिली तर दालन राहील. तोवर कुणी पहार लावायची नाही. मॅडम बुद्धप्रियाशी दिवसभर बोलल्या नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "दोन वर्षांचं काम दिपालीकडे जाईल. तुला कळतंय ना?"

"हो मॅडम."

"आलेख नव्यानं काढून दे. रेषांसकट."

तिप्पण्णा प्लॅस्टर कालवत होता. दिपालीनं काच कापून आणली आणि शिडीजवळ थांबली. तिचे डोळे लाल होते. ती रागावली होती की रडली होती, ते बुद्धप्रियाला ठरवता आलं नाही.

"तीन दिवस अज्जा धड जेवला न्हाई," दिपाली म्हणाली.

"माहीत आहे."

"मला सांगितलं असतंस तर मी शिव्या दिल्या असत्या आणि विषय संपला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं."

दिपालीनं तिच्याकडे बघितलं, मग काच तिच्या हातात ठेवली. "चढ. आणि शिडी हळू लाव, बाई."

तिप्पण्णा खालून म्हणाला, "व्हय. ज्यानं तोडली त्यानं बसवायची. आन् वर्सभर तीच बगनार, दर म्हयन्याला. फुकट आलीस तरी ये." मग घमेलं वर देताना, "तुज्या बाला बी आन."

बुद्धप्रियानं काच भेगेवर आडवी धरली, दोन्ही टोकं ओल्या प्लॅस्टरमध्ये दाबली, पेननं लिहिलं: ७, एकोणतीस डिसेंबर. मग अंगठा. प्लॅस्टर अपेक्षेपेक्षा गार होतं. अंगठा उचलल्यावर तिनं सवयीनं पाहिलं, ठसा जरा तिरका उठला होता, खोलीही एका बाजूला कमी होती. दिपालीचे सगळे सरळ होते.

वरून दालन दिसत होतं. पलीकडच्या भिंतीवर चार नंबर, पाच नंबर, खिडकीशेजारी नऊ. दिपालीचे अंगठे आता दहा होते आणि तिचा एक. तिनं मोजले, आणि मोजले याचा तिला राग आला, आणि तरी खाली उतरण्याआधी तिनं पुन्हा एकदा मोजले.